मंगळवारची चादर

"मावशी, नेमके शब्द सांगा. आवाज काय म्हणतात?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा माझी माय लोखंडी स्टुलावर बसली होती. स्टूल कॉरिडॉरमध्ये होतं. समोर डॉक्टरांचं टेबल. टेबलामागं पांढऱ्या कोटातली शिकाऊ पोरंपोरी. आणि स्टुलाच्या पाठीमागं, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, कुत्रा चावलेल्यांची इंजेक्शनची रांग. मधे भिंत नाही. पडदा नाही. आमच्या शहरातल्या त्या सरकारी रुग्णालयात मानसिक आजाराची ओपीडी अशीच भरायची. दर मंगळवारी, कॉरिडॉरमध्ये. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. पाट्या बदलतात, कॉरिडॉर तोच असतो.

माय म्हणाली, "वंगाळ बोलतात."

"वंगाळ म्हणजे काय? शिव्या देतात का? कोणत्या? आणि मोठ्यानं बोला, इथं ऐकू येत नाही."

मी मागं उभी होते. माझा हात तिच्या खांद्यावर होता. खांदा आक्रसला ते मला कळलं. माझ्या मायनं आयुष्यात शिवी दिली नव्हती. बजाजनगरात ती मेस चालवायची, वाळूजच्या कंपन्यांतली पोरं आमच्याकडं जेवायला. जेवताना एखादं पोरगं दुसऱ्याला आईबहिणीवरून बोललं की माय वाढता वाढता थांबायची. भाकरी हातातच. पोरगं "चुकलं मावशी" म्हणेपर्यंत ती भाकरी ताटात पडत नसे. त्या बाईला हा माणूस नेमके शब्द विचारत होता.

पण समोर साहेब होता. आमच्या माणसांना एक सवय आहे. कोर्टात, कचेरीत, दवाखान्यात, खुर्चीवरच्या माणसानं विचारलं की आम्ही सगळं सांगतो. खरं सांगतो. न विचारलेलं पण सांगतो. सांगितलं नाही तर काम होणार नाही, ही भीती आम्हाला आज्या-पणज्यांकडून आलेली. मायनं डोळे मिटले आणि सांगितलं. ते दोन आवाज तिला जे म्हणायचे ते सगळं. तिच्या अंगाबद्दल. मेलेल्या माझ्या बापाबद्दल. मेसच्या पोरांबद्दल. मोठ्यानं सांगितलं, कारण मोठ्यानं सांगा असं सांगितलं होतं.

इंजेक्शनच्या रांगेतला एक जण आधी हसला. मग रांग हसली. शिकाऊ पोरींपैकी एकीनं तोंडावर फाईल धरली. डॉक्टर पण थोडेसे हसले. वाईट मनानं नाही, दमलेला माणूस हसतो तसे. मायनं डोळे उघडले. सगळे हसताहेत हे तिला दिसलं. मग ती पण हसली. आपण काहीतरी गमतीचं बोललो असणार, आपणही हसायला पाहिजे, असं वाटून हसली. तिचं ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

मी म्हणाले, साहेब, जरा बाजूला घेऊन विचारता येईल का, सगळे ऐकतात.

लिहिता लिहिता, मान वर न करता ते म्हणाले, "ताई, या आजारात लाजबीज राहत नाही. यांना काही कळत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी थँक्यू म्हणाले. दवाखान्यात आम्ही थँक्यूच म्हणतो. खिडकीवर गोळ्या घेतल्या आणि शेअर रिक्षात बसलो. माय पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली. छावणी गेली, नगर नाका गेला, गोलवाडीचा पूल गेला. घर आलं तरी बोळा तोंडातच होता. यांना काही कळत नाही म्हणे.

घरात आम्ही दोघीच. बाप मी शाळेत असताना गेला. माझं लग्न झालं आणि मोडलं, ती वेगळी कथा आहे, इथं नको. मी वाळूजला एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला. लाईनवर उभं राहून पार्ट तपासायचे, चरा पडलेला बाजूला काढायचा. मायची मेस चांगली चालली होती. मग कुकरच्या शिट्टीतून कुणीतरी तिच्याशी बोलायला लागलं. पुढं कंपनीच्या भोंग्यातून. पुढं नुसतंच, कशातूनही. एका दुपारी तिनं जेवत्या पोरांच्या ताटांवर हात आडवे धरले. जेवू नका रे, यात कालवलंय, म्हणाली. पोरं हळूहळू दुसऱ्या मेसला लागली. त्यांना तरी काय बोलणार. वाईट वाटलं ते एवढंच, की रस्त्यात दिसली तर ती नजर चुकवायला लागली.

कुणाकुणाच्या सांगण्यावरून तिला कुठं कुठं नेलं ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना ते पत्ते पाठ आहेत.

पण सरकारी गोळ्या लागू पडल्या होत्या, हे मला मान्य करायलाच पाहिजे. त्याच डॉक्टरांनी दिलेल्या. दोन-तीन महिन्यांत ते आवाज लांब गेले. माय म्हणायची, शेजारच्या घरात टीव्ही चालू असल्यागत ऐकू येतं, इथं नाय. ती दारात बसून मेथी निवडायला लागली होती. मी कामावरून आले की चहा ठेवायची. मला माझी माय परत मिळत होती. म्हणून तर मी दर महिन्याला कामावर एक खाडा करून तिला त्या कॉरिडॉरमध्ये नेत होते.

त्या मंगळवारनंतर ती म्हणाली, मला तिथं नको नेऊ. मी समजावलं, चिडले, पाया पडले. महिना संपला, गोळ्या संपल्या. ती उंबऱ्याबाहेर पाय टाकेना.

मग मी एकटी गेले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, पेशंट आणा. मी म्हणाले, ती येत नाही, हाच तर तिचा आजार आहे. तो म्हणाला, नियम आहे, पेशंट दाखवल्याशिवाय गोळ्या नाहीत. डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर म्हणाले, माणूस न बघता गोळ्या द्यायच्या, आणि त्या तुम्हीच खात नसाल कशावरून? कॉरिडॉरमध्ये परत हसले. आता मी हसण्याची बाब होते.

पाय मोडलेल्याला कुणी म्हणत नाही, आधी चालत ये, मग प्लास्टर घालू. आम्हाला म्हणतात.

उद्या या, परवा या, असंही नाही. मंगळवार गेला की गेला. बाकी दिवशी मानसिकचा डॉक्टर नाही आणि त्या गोळ्यांचं कपाट उघडत नाही. मंगळवारी सण आला, डॉक्टरांची ड्यूटी दुसरीकडं लागली, की आठवडा कोरडा. कंपनीत सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणायचा, मंगळवार आला, हिची मेंटल पार्टी. मी मान खाली घालून पार्ट तपासायची. बोलले असते तर ठेकेदाराला दुसरी बाई मिळायला वेळ लागला नसता.

पुढच्या मंगळवारी मी परत गेले. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी मला चाचा भेटले.

चाचा पडेगावचे. रिक्षा चालवायचे. त्यांचा मुलगा आधी गॅरेजमध्ये कामाला होता, मग त्याला वाटायला लागलं की गाड्यांचे हॉर्न त्यालाच उद्देशून वाजतात. तो त्या दिवशी स्टुलावर बसला होता आणि तोंड उघडत नव्हता. डॉक्टर विचारत होते, रांग कान देऊन उभी होती. मी भिंतीला टेकून रडत होते. चाचांनी माझ्याकडं बघितलं, बाहेर गेले, आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर अंथरलेली चादर काढून आणली. निळी, कडा विरलेली. दोन टोकं माझ्या हातात दिली.

"बेटी, रोके क्या होता? ये पकड."

आम्ही दोघांनी स्टुलाच्या मागं चादर ताणून धरली. आमची पाठ पोराकडं, तोंड रांगेकडं. रांग आता आमच्याकडं बघायला लागली. बघू देत. डॉक्टर म्हणाले, हे काय नाटक लावलंय? चाचा म्हणाले, "साहब, बच्चा बोल रहा ना? बोलने दो." आणि खरंच, पोरगं बोलत होतं. हळू आवाजात. डॉक्टरांना पुढं वाकून ऐकावं लागत होतं. ते वाकले. वाकता येत होतं त्यांना.

त्या दिवशी मला गोळ्या मिळाल्या नाहीत, तरी ओपीडी उठेपर्यंत मी चादर धरून उभी होते. हात भरून आले. कितीतरी महिन्यांनी मी त्या इमारतीत मान वर करून उभी होते. कुणाच्या पेशंटसाठी उभी आहे हेही मला माहीत नव्हतं. एक म्हातारा चादरीबाहेर आला आणि जाता जाता त्यानं माझ्यापुढं हात जोडले. मला फार कसंतरी झालं.

मग ते दर मंगळवारचं झालं. ज्याचा नंबर लांब आहे त्यानं धरायची. ज्याचं झालं त्यानं थोडा वेळ थांबून धरायची. लोक घरून चादरी आणायला लागले. फुलाफुलांच्या, रेघारेघांच्या, एक तर बाळाच्या पाळण्यावरची. कुणी पुढारी नव्हता, कुठली संघटना नव्हती. पेशंटांचे आईबाप, बायका, भाऊ. कधी स्वतः पेशंट. एक पोरगा आठ दिवसांपूर्वी स्टुलावर थरथरत होता, तो पुढच्या मंगळवारी दुसऱ्यासाठी टोक धरून उभा राहिला. शिपाई ओरडायचा, वाट अडवू नका. मग तोही ओरडायचा थांबला.

मी आनंदानं घरी आले आणि मायला सांगितलं. म्हणाले, आता चल, आता कुणी बघणार नाही, चारी बाजूंनी चादर धरतो. मायनं सगळं ऐकून घेतलं.

"कापडातून आवाज जात नाय का?" ती म्हणाली.

 चादर डोळे अडवते. कान नाही. स्टुलावर बसलेली ती होती, तिलाच हे कळलं होतं. चादर धरणाऱ्या आम्हाला नाही.

तेव्हा आमच्या मागण्या ठरल्या. एक खोली, तिला दार. आणि पेशंट येऊ शकत नसेल तर घरी जाऊन बघा, नाहीतर नातेवाइकाच्या हातात गोळ्या द्या, आणि त्या कुठल्याही वारी द्या. यात जगावेगळं काय आहे? खोकल्याच्या औषधाला वार नसतो. आम्ही रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांकडं गेलो. साहेबांच्या केबिनला दोन दारं होती. एक बाहेरचं, मग मधे त्यांचा माणूस बसायची जागा, मग आतलं. आम्ही दोन्ही ओलांडून आत गेलो आणि एक दार मागितलं. साहेब म्हणाले जागा नाही. चाचा म्हणाले, खाली मोडक्या खुर्च्या भरलेली एक खोली आहे, कुलूप लावलेली. साहेब म्हणाले, तुम्हाला प्रशासन कळत नाही. प्रस्ताव पाठवावा लागतो, बघू.

बघू म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही.

तिकडं माय खचत चालली होती. कपाट आणि भिंत यांच्या फटीत बसायची. मी तिच्या डोळ्यांसमोर भाजलेली पोळी तेवढी खायची, तीही कोरडी. आंघोळ नाही. केसांच्या जटा झालेल्या. रात्रंदिवस त्या दोन आवाजांशी भांडायची, मग दमून रडायची. मी कामावर जाताना बाहेरून कडी घालायची, आणि कडी घालताना दर वेळी मला माझाच तिटकारा यायचा. पण तिला मोकळं सोडून जाणार कशी? बाहेर हमरस्ता, कंपनीच्या बसा, कंटेनर.

अशात एक दिवस मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. एकटीला. मानसिक आरोग्याचा सप्ताह जवळ आला होता. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मला एकदम ताई म्हणायला लागले. तुमच्यासारख्या जागरूक नागरिकांमुळं आम्हाला बळ मिळतं, म्हणाले. सप्ताहाच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. वरिष्ठ येणार आहेत. आईंना आणता आलं तर फारच छान, बऱ्या झालेल्या पेशंट म्हणून त्यांनाही स्टेजवर घेऊ. दोन शब्द बोला, इथं सेवा मिळते म्हणून सांगा.

ती बरी झालेली नाही, मी म्हणाले. गोळ्या बंद आहेत.

"त्याचीच तर सोय करतोय. आईंच्या गोळ्या दर महिन्याला तुमच्या हातात देतो. पेशंट आणू नका. मी सांगून ठेवतो. फक्त ते चादरीचं आता बंद करा. लोक मोबाईलवर फोटो काढतात, चांगलं दिसत नाही."

मी विचारलं, बाकीच्यांना?

"आधी तुमचं तर होऊ द्या."

मी नाही म्हणाले नाही. बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. गोळ्या मिळणार होत्या. रिक्षात बसून मी कार्यक्रमाला कुठली साडी नेसायची ते ठरवत होते. दारात मेथी निवडत बसलेली माय मला दिसत होती. गरिबाला विकत घ्यायला फार लागत नाही. त्याचीच वस्तू त्याला परत देतो म्हटलं तरी पुरतं.

घरी आले, फटीसमोर खाली बसले आणि मायला सगळं सांगितलं. गोळ्या मिळतील, तुला कुठं जायचं नाही, कुणी काही विचारणार नाही. ती भिंतीकडं बघत होती. ऐकतेय का नाही कळेना. मग ती बोलली. इतक्या दिवसांत ती माझ्याशी असं सलग बोलली नव्हती.

"त्या दिवशी माझ्या मागं नंबरात एक पोरगी होती. बापासंगं आलती. हिरवा डरेस. मला हसले तं ती उठली अन् बापाला म्हणली, चला घरी. काय दाखवलंच नाय तिनं. ती आली का परत?"

मी ती पोरगी बघितलीच नव्हती. मी मायकडंच बघत उभी होते. सगळी रांग हसत असताना, त्या दोघांच्या शिव्या कानात चालू असताना, माझ्या मायनं त्या पोरीला बघितलं होतं. आणि एवढे महिने त्या फटीत बसून ती तिची काळजी करत होती.

"आली असंल तर मला नाय माहीत, माय."

"तिला देणार का गोळ्या?"

"नाय. फक्त तुला."

"मंग मला बी नको," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

आता काय करायचं? ही माय बोलली का तिचा आजार बोलला? माझा चुलतभाऊ म्हणाला, तिचं काय ऐकतेस, तिला शुद्ध आहे का, घेऊन टाक गोळ्या. शेजारीण तेच म्हणाली. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "ले ले बेटी. हम बुरा नै मानते." त्यांचं पोरगं त्यांच्या मागं रिक्षात बसलेलं होतं. त्यांच्या मनाचा मोठेपणा मला सहन होईना.

लाईनवर उभी राहून मी दिवसभर हाच विचार करत होते. सगळे एकच सांगत होते, तिला काही कळत नाही. मी पण आतल्या आत तेच म्हणत होते, कारण ते सोयीचं होतं. हेच वाक्य डॉक्टरांनी म्हटलं तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली होती. आणि मग मला लख्ख दिसलं. ज्या बाईला हसले, जिला स्टुलावर नागडं केलं, तिनं स्वतःचं सोडून दुसरीचं विचारलं होतं. त्या अख्ख्या इमारतीत एवढं कुणाला कळलं होतं? साहेबाला? डॉक्टरला? मला? माझ्या मायला कळतं. तिला आजार आहे, आणि तिला कळतं. या दोन्ही गोष्टी एका माणसात असू शकतात हे ज्यांना शिकवलं जातं त्यांनाच ते समजलेलं नाही.

कार्यक्रमाला गेले. कामाच्याच साडीत. हॉलमध्ये फुगे लावलेले, समई लावली, भाषणं झाली. मन हा शरीराचा राजा आहे, असं कुणीतरी बोललं. शिकाऊ पोरीपोरांनी वेड्यांचं सोंग घेऊन नाटुकलं केलं, केस पिंजारून, त्यातही लोक हसले. मग माझं नाव पुकारलं. वरिष्ठांनी शाल उलगडली. फोटोवाला पुढं आला.

मला तिथं दणदणीत काहीतरी बोलता यायला हवं होतं. आलं नाही.  मी शाल हातानं मागं सारली आणि माईकवर एवढंच म्हणाले,

"शाल नको. माझ्या आईला एकटीला गोळ्या देतो म्हणालात, त्या नकोत. सगळ्यांना द्या. खोलीला दार द्या. तोवर चादर निघणार नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. पुढचं नाव पुकारलं गेलं. मी खाली उतरले. बाहेर चाचा उभे होते. त्यांनी रिक्षा सुरू केली.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

थंडी पडली तेव्हा मायला ताप आला. पाण्यातही कालवलंय असं वाटून तिनं पाणी सोडलं होतं. ओठ फुटले, जीभ कोरडी, अंग तव्यासारखं. शुक्रवार होता. दुपारी चाचांच्या रिक्षात घालून तिला त्याच रुग्णालयात नेलं. अपघात विभागात. ती एवढी गळाली होती की उंबरा ओलांडताना भांडलीसुद्धा नाही. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, आधी कुठं दाखवलंय का? मी मायचा जुना केसपेपर पुढं केला. त्यानं वरचा शिक्का वाचला. मानसिक. पेपर मला परत दिला.

"ही मंगळवारची केस आहे. मंगळवारी आणा."

मी म्हणाले, ताप आहे हो तिला, हात लावून बघा. त्यानं हात लावला नाही. माय पुटपुटत होती, मधेच ओरडली. तो म्हणाला, बघा, ओरडतेय, तुमच्यानं सांभाळवत नाही म्हणून इथं टाकायला आणता. तापाची गोळी लिहून दिली. मी हटले नाही, त्याच्या टेबलाला धरून उभी राहिले. त्यानं सिक्युरिटीला बोलावलं. माझी आजारी माय आणि मी, आम्हाला दोघींना दंडाला धरून बाहेर काढलं.

शनिवारी बजाजनगरातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. म्हणाला, पाण्यावाचून सुकून गेली, छातीतही कफ भरलाय, मोठ्या दवाखान्यात हलवा. सलाईन संपेपर्यंत रात्र झाली. रविवारी सकाळी चाचा रिक्षा घेऊन दारात आले तेव्हा माय गेलेली होती. माझ्या मांडीवर गेली. शेवटी काही बोलली नाही. ती ऐकत होती का, आणि ऐकत असेल तर कुणाला, मला माहीत नाही. तिच्या कानाशी मी एकसारखी बोलत होते, त्या दोघांच्या वरताण मोठ्यानं.

अग्नी मी दिला. भावकी कुजबुजली, कुजबुजू दे.

लोक मला विचारतात, तेव्हा गोळ्या घेतल्या असत्यास तर? कुणी प्रेमानं विचारतं, कुणी मुद्दाम. मी पण विचारते स्वतःला, रोज, लाईनवर उभी असताना. कदाचित ती जगली असती. हे कदाचित माझ्या उरावर आहे आणि मरेपर्यंत राहील, मला त्यातून सुटका नको आहे. पण ज्यांनी तिची गोळी कपाटात कोंडून माझ्याशी सौदा केला, त्यांनी हा प्रश्न मला विचारू नये. तिला तापानं मारलं नाही. पेपरावरच्या एका शब्दामुळं तिच्या कपाळाला कुणी हात लावला नाही, म्हणून ती मेली.

मंगळवारी तिसरा दिवस होता. सकाळी राख सावडली आणि तशीच रुग्णालयात गेले. कॉरिडॉरमध्ये तीच रांग, तेच स्टूल, कुणाची तरी बायको बसलेली. मी चादरीचं टोक धरलं. डॉक्टरांनी मला बघितलं. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. ते उठून माझ्याजवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आता कशाला येता? घरी जा, विश्रांती घ्या."

मी टोक सोडलं नाही. म्हणाले, हे तुम्हाला सांगते आणि तुमच्या मोठ्या साहेबांनाही.

मी आता दर मंगळवारी येणार आहे. खोली मिळेपर्यंत, आणि खोली मिळाल्यावर तिचं दार रोज उघडतं का ते बघायला. हिरव्या ड्रेसातली पोरगी मी शोधणार आहे, गल्लोगल्ली, तिच्या बापाचं नाव माहीत नसताना. आणि त्या शुक्रवारी दुपारी त्या टेबलावर कोण बसला होता, हे मला तुमच्याकडून लेखी पाहिजे. तुम्ही टाळाल, मी वर जाईन. तिथं टाळतील, मी आणखी वर जाईन.

आजवर तुमच्यापुढं मी वाकत होते, कारण माझी माय तुमच्या कपाटात अडकली होती. आता तुमच्याकडं माझं काही अडलेलं नाही. मला द्यायला तुमच्याकडं काही उरलं नाही आणि माझ्याकडून काढून घ्यायलाही नाही. आता बोला माझ्याशी.